बहात्तर ऋतू, एकशे आठ ऋतू

मागच्या महिन्यातला एक रविवार. विरारला धाकट्या भावाकडे गेले होते. भावजय माहेरी गेलेली, त्यामुळे त्याचे तीन जुने मित्र जेवायला जमले होते. आगाशीहून भुजिंग आलं होतं. मी घरून वालाचं बिरडं नेलं होतं, ते स्वयंपाकघरात गरम करत होते. बाहेर जोरजोरात वाद चाललेला. मला वाटलं, पाण्याचा प्रश्न नाहीतर लोकलची गर्दी, आमच्याकडे चौघं जमले की दुसरा विषय कुठला असणार! तेवढ्यात एक जण म्हणाला, "नाही रे, आपलंच चुकलं होतं." आणि बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या.

चाळिशी उलटलेले चार पुरुष एका खोलीत बसून 'आपलं चुकलं' म्हणतायत, हे बघायला मी हातातला डाव घेऊन तशीच बाहेर आले.

वाद होता गाण्यांचा. मेटालिका नावाचा अमेरिकेतला हेवी मेटल बँड आहे, त्याच्या '७२ सीझन्स' या अल्बमचा. हेवी मेटल म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात विशीतला मुलगा आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्या मैत्रिणींसाठी सांगते. विजेवर वाजणाऱ्या गिटारी, त्यांचा आवाज मुद्दाम खरखरीत केलेला. ड्रम असे की शेजारच्या प्लॉटवर बोअरिंगचं काम निघालंय असं वाटावं. आणि गाणारा कायम कुणावर तरी रागावलेला. मी स्वतः भावगीतं आणि जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेली बाई. या गोंगाटाशी माझा संबंध 'आवाज कमी कर रे' एवढाच.

हा बँड १९८१ साली लॉस एंजलिसमध्ये सुरू झाला. गाणारा जेम्स हेटफिल्ड आणि ड्रम वाजवणारा, मूळचा डेन्मार्कचा, लार्स उलरिच. दोघंही तेव्हा अठरा वर्षांच्या आतबाहेरचे. आज साठी ओलांडलेले आहेत आणि अजून वाजवतायत. '७२ सीझन्स' आला १४ एप्रिल २०२३ ला. त्याआधीचा अल्बम २०१६ च्या नोव्हेंबरातला, म्हणजे साडेसहा वर्षं ही चौकडी वाट बघत होती. त्या दिवशी चौघांनी आपापल्या कामावर जाताना तो ऐकला. कुठे? तर विरार-चर्चगेट फास्टमध्ये, एका पायावर उभं राहून, दुसऱ्याची बॅग पाठीत रुतलेली असताना. अंधेरी यायच्या आत व्हॉट्सअॅपवर निकाल लागला होता. गाणी लांबलचक आहेत, सगळी एकसारखी वाटतात, कुणीतरी कात्री चालवायला हवी होती. भावाने तर 'साठी बुद्धी नाठी' असं लिहून विषयच संपवला होता.

आता गंमत बघा. हा अल्बम आहे ७७ मिनिटांचा, गाणी बारा. अंधेरीपर्यंत ऐकून किती झाली असतील? जेमतेम आठ. शेवटची चार वाजायच्या आधीच मंडळींनी पेपर तपासून गुण देऊन टाकले होते! आणि आता ज्या गाण्यावरून 'आपलं चुकलं' चाललं होतं, ते नेमकं शेवटचं. 'इनामोराटा' त्याचं नाव. अकरा मिनिटांहून मोठं, बँडच्या स्वतःच्या अल्बममधलं सगळ्यात लांब गाणं. स्वतःच्या दुःखालाच प्रेयसी मानून तिला सोडवत नाही अशा माणसाचं ते गाणं आहे. मध्येच सगळा गोंगाट थांबतो, एकटी बास गिटार हळू वाजत राहते, आणि मग पुन्हा पहिलं सुरू होतं.

"एकसारखं वाटतं म्हणून आपण नावं ठेवली," गासचा मित्र म्हणाला, "पण तारप्याचं काय वेगळं असतं?" हा मित्र शेती करतो आणि लग्नसराईत ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. मला ते पटलं. जव्हारकडे मी तारपा नाच बघितलाय. भोपळ्याचा आणि बांबूचा तो तारपा, तेच तेच सूर, आणि त्याभोवती हातात हात घालून फिरणारी माणसं. पहिली दहा मिनिटं शहरातून आलेल्याला वाटतं, बदलत का नाही? मग कधीतरी आपलेच पाय हलायला लागतात.

पण मला खरं थांबवलं ते अल्बमच्या नावाने. बहात्तर सीझन्स म्हणजे काय, असं मी विचारलं. भाऊ म्हणाला, "त्यांच्याकडे वर्षाचे चार ऋतू ना ताई. अठरा चोक बहात्तर. माणसाची पहिली अठरा वर्षं." हेटफिल्डची कल्पना अशी, की या पहिल्या अठरा वर्षांत आईवडील, घर, शाळा आपल्याला जे सांगतात त्यावरून 'मी असा आहे' हे आपण ठरवून बसतो. त्यातलं खरं किती, खोटं किती, हे तपासायला पुढचं आयुष्य जातं. मोठेपणी आपण जे वागतो त्यातलं बरंचसं त्या अठरा वर्षांना दिलेलं उत्तर असतं.

मी लगेच मनात हिशेब केला. आपल्याकडे ऋतू सहा. अठरा सक एकशे आठ! जपमाळेचे मणी. एकेक ऋतू म्हणजे एकेक मणी, आणि तो ओढणारा हात बहुतेक वेळा आईचा. मी हे बोलून दाखवल्यावर चौघंही हसले, पण नंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

या हेटफिल्डची आई ऑपेरा गाणारी होती आणि वडील ट्रक चालवायचे. नवव्या वर्षी त्याला पियानोच्या शिकवणीला घातलं होतं. घरचा धर्मपंथ असा, की औषध घेणंच नामंजूर. तो तेरा वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. सोळा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. पुढे जगप्रसिद्ध झाला, पैसा आला, दारू आली. २००१ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन राहिला. साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर त्याने हा अल्बम केला आणि पुन्हा त्या पहिल्या अठरा वर्षांकडेच वळला. माझ्या कामात मला भेटणाऱ्या बायका पन्नाशीत आल्यावर अचानक आपल्या लहानपणाचं बोलायला लागतात. सुनेची तक्रार सांगायला आलेली बाई तासाभराने स्वतःच्या सावत्र आईवर येते. तेव्हा हे मला काही परकं वाटलं नाही.

जेवणं झाली, मित्र गेले. भांडी विसळताना भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, मधे त्याचा नववीतला मुलगा अभ्यासावरून उलटून बोलला आणि हा त्याच्यावर ओरडला. "आणि ताई, माझ्या तोंडून अण्णांचा आवाज आला. शब्दसुद्धा तेच." त्या रात्री तो खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसला आणि दोन वर्षांनी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मगच त्याने बाकीच्या तिघांना पुन्हा ऐकायला लावला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. १९९७ सालची. आम्ही वसई गावात राहायचो, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, भाऊ दहावीत. त्याच्या कपाटात खालच्या खणात, स्वेटरखाली मला दोन कॅसेट सापडल्या. गासच्या मित्राच्या काकांनी गल्फहून आणलेल्या. एकीवर विजेची खुर्ची. दुसरीवर रांगेने थडग्यांचे पांढरे क्रॉस आणि वर आभाळातून त्यांच्या दोऱ्या ओढणारे दोन हात. मी घाबरले. तेव्हा पेपरात गर्दच्या बातम्या यायच्या, कॉलेजात व्याख्यानं व्हायची. मी शहाणी मुलगी, सरळ जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी एकही शब्द न बोलता दोन्ही कॅसेट बंबात घातल्या. प्लास्टिक जळल्याचा तो वास दोन दिवस मोरीतून गेला नव्हता. त्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या.

थडग्यांचं चित्र होतं तो अल्बम म्हणजे 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६ चा. त्याचं मुख्य गाणं कशावर आहे, हे मला मागच्या महिन्यात कळलं. अमली पदार्थ माणसाला कठपुतळीसारखे कसे नाचवतात, यावर! वरचे ते दोन हात त्या कठपुतळीवाल्याचे. मला ज्याची भीती वाटत होती त्याविरुद्धच ते गाणं होतं. मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. झाकणावरचं चित्र बघितलं होतं, बस्स.

अण्णांना मी सांगितलं, हे भावाला माहीत नव्हतं. त्या रविवारी, हात पुसता पुसता, अठ्ठावीस वर्षांनी मी ते त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं आईने सांगितलं. बारावी होईपर्यंत मी आईशी धड बोललो नाही." आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिला या सगळ्यातलं काही ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मुलगा आपल्याशी का बोलत नाही, हे ती मला दोन-तीनदा विचारायची आणि मी 'वय आहे गं त्याचं' म्हणायचे.

यावर आणखी काय लिहू? त्याने मला ट्रेनमध्ये बसवून दिलं, नेहमीसारखं पोहोचलीस की फोन कर म्हणाला. कॅसेट जाळून त्याचं वेड काही कमी झालं नव्हतं, हेही खरं. २०११ साली भाऊबीजेला माझ्याकडून ओवाळून घेतलं आणि लगोलग बंगळुरूची गाडी पकडली. ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिकाचा कार्यक्रम होता. दिल्लीजवळ गुरगावला त्याआधी दोन दिवस ठरलेला कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला होता, लोकांनी तिथे मोडतोड केली होती, म्हणून आम्ही घरी काळजीत. हा पठ्ठ्या घसा बसवून, आनंदात परत आला.

मी तो अल्बम ऐकलाय. एका बैठकीत नाही जमलं. इस्त्री करताना, भाजी निवडताना, चार दिवसांत मिळून. भाच्याने शब्द छापून दिले होते ते समोर ठेवून. तुम्ही म्हणाल, आता ही बाईसुद्धा केस मोकळे सोडून मान हलवायला लागली की काय! तसं काही नाही. माझं मत विचाराल तर मुलांची पहिली तक्रार सगळीच खोटी नव्हती. तीन-चार गाणी कमी असती तरी काही बिघडलं नसतं. 'लक्स इटर्ना' हे साडेतीन मिनिटांचं गाणं मला आवडलं, कारण ते वेळेवर संपतं. अल्बमच्या नावाचं जे पहिलं गाणं आहे, त्याला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. पण 'स्क्रीमिंग सुईसाइड' नावाचं एक गाणं आहे, तिथे मी इस्त्री बंद करून बसले. आत्महत्या हा शब्द आपण घरात उच्चारतसुद्धा नाही. तो विचार मनात आलेल्या माणसाशी तो विचारच बोलतोय अशी त्याची रचना आहे. नुसतं नाव वाचलं असतं तर मी पुन्हा बंब पेटवायला निघाले असते.

म्हणून मला वाटतं, पहिल्या ऐकण्यात आपण गाणं फारसं ऐकतच नाही. आपल्याला काय हवं होतं, तेवढंच तपासतो. या चौघांना पंधरा वर्षांचं असतानाचं मेटालिका पुन्हा हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून रुसले. 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये आला तेव्हा राज कपूरच्या प्रेक्षकांनी हेच केलं होतं. लांब आहे, दोन-दोन मध्यंतरं आहेत, म्हणून पाडला. आणि नंतर त्यावरच हळहळत बसले.

दुसऱ्यांदा ऐकलं की सगळंच सोनं होतं, असं मात्र नाही हं. याच बँडचा २००३ चा 'सेंट अँगर' आहे. त्यातला ड्रम पत्र्याच्या डब्यावर पळी आपटल्यासारखा वाजतो, आणि ज्यासाठी हे लोक प्रसिद्ध, ती एकट्या गिटारची करामत त्यात नाहीच. काही लोक आता त्यालाही चांगलं म्हणतात. भावाने तो तीनदा ऐकला, मी अर्धा. आमचं दोघांचं एकमत आहे, तो डबाच आहे. पण भावाने तीनदा ऐकून ठरवलंय. नावं ठेवायचा त्याला अधिकार आहे.

माझ्याकडे मंगळवारी मंडळाच्या खोलीत बायका येतात. त्यातल्या एकीचा मुलगा अकरावीत. काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या, केस वाढवलेले, कानात सतत ते किंचाळणं. कुणीतरी तिला सांगितलं, बाहेरची बाधा आहे, अंगारा आणा. मागच्या वर्षी अशीच एक आई आली होती, तेव्हा मी स्वतः 'मोबाइल काढून घ्या' म्हणाले होते. अण्णांचा बंब, दुसरं काय. या वेळी मी तिला म्हटलं, त्याला विचारा, तुझं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं, आणि मला त्याचा अर्थ सांग. तिला हे फार विचित्र वाटलं. "मला इंग्रजी कुठे येतं?" म्हणाली. म्हटलं, त्याला येतं ना! आईला शिकवायला कुठल्या मुलाला आवडत नाही?

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली, तुम्हालाही सांगते. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, सगळ्यांपासून तुटला असेल, मरणाचं बोलत असेल, तर गाण्याला दोष देत वेळ घालवू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर. पण नुसते काळे टी-शर्ट हा काही आजार नव्हे.

हे सगळं परदेशी थेर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मुंबईचाच एक बँड सांगते. डेमॉनिक रेझरेक्शन. नावातच राक्षस आहे, घाबरू नका. २००० साली सुरू झालेला. २०१७ मध्ये त्यांचा अल्बम आला, त्याचं नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. नृसिंह खांबातून बाहेर पडताना डरकाळी फोडणार नाही तर काय भावगीत म्हणेल? कोकणातला दशावतार रात्रभर बघणाऱ्यांना त्या डरकाळीत नवल वाटू नये. आणि हे गाणारा साहिल माखिजा, तो यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो. भात-पोळी-साखर वगळून केलेले कीटो पदार्थ! हे मंडळात सांगितल्यावर बायकांनी गाणं नंतर ऐकू म्हटलं, आधी पाककृती लावायला सांगितली.

ती अकरावीतल्या मुलाची आई पुढच्या मंगळवारी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी आली. मुलाने अर्थ सांगितला नाही, म्हणाली. 'तुला काय करायचंय' म्हणाला. पण रात्री झोपताना स्वतःहून विचारलं, "कशाला विचारत होतीस गं?" ती काय उत्तर द्यायचं ते मला विचारायला आली होती. मी तिला माझी कॅसेटची गोष्ट सांगितली. उत्तर तिचं तिने ठरवावं.

भावाचा परवा फोन आला. गासच्या मित्राला त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर कॅसेटचं खोकं सापडलंय. काकांनी आणलेल्या आणखी काही आहेत, एकीवर तेच थडग्यांचं चित्र. ती मी मागून घेतलीय. माझा टेपरेकॉर्डर पोटमाळ्यावरून काढून वसई स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकलाय. मोटर चांगली आहे म्हणतो, पण आतला रबरी पट्टा सैल पडलाय आणि तसला पट्टा आता सहज मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघतो म्हणालाय, मिळाला तर फोन करेल.